सांबार, डांगर, लावणी : तंजावरचे शब्द कुठून कुठे गेले?

शब्दवेल्हाळ
‘सांबार’ हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं, ही गोष्ट पुन्हा फिरू लागली आहे. महाराज तंजावरला तिथल्या मराठी राज्याच्या शहाजी राजांकडे (शिवरायांचे वडील नव्हेत, त्याच नावाचे नंतरचे राजे) पाहुणे गेले, आमटीत घालायला कोकम नव्हतं, आचाऱ्याने चिंच घातली, पाहुणे खूश झाले आणि पदार्थाला त्यांचं नाव मिळालं. ऐकायला छान आहे, पण शब्द म्हणून पाहिलं तर यातलं काय टिकतं? तमिळनाडूत मराठीतून गेलेले शब्द ओळखायचे कसे, हेही जाणकारांनी सांगावं.

कावेरीकाठ
गोष्टीतलं फारसं काही टिकत नाही. तंजावरचे शहाजी राजे गादीवर आले १६८४ मध्ये आणि संभाजी महाराजांची हत्या झाली १६८९ मध्ये. भेट व्हायची तर ती या पाच वर्षांत, आणि ही सगळी वर्षं महाराजांची मोगलांशी लढण्यात गेली.

कोकमाचा भाग तर आणखी लंगडा. कोकम कोकणातलं. तंजावरची गादी स्थापणारे शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, आले बंगळूरच्या जहागिरीतून. घराणं मूळ देशावरचं. या दोन्ही ठिकाणी आमटीला चिंचच असते. तंजावरात कोकमावाचून आचाऱ्याचं अडलं, हे कोकणाबाहेरच्या माणसाला पटणार नाही.

आंबोळी
गोष्ट खोटी असेल, पण म्हणून शब्द मराठी नाही असं होत नाही. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं घरोघर होतं. त्यात तूरडाळ नाही, चिंच नाही, इडलीशी संबंध नाही. वाटाणे रात्रभर, निदान ८-१० तास भिजवायचे, मऊ शिजवायचे, कांदा-खोबरं खरपूस भाजून केलेलं वाटण आणि मालवणी मसाला घालायचा, आमसुलं शेवटी. आमसुलं आधी पडली तर वाटाणे निबर राहतात, मग कितीही उकळा.

पाठारे प्रभूंकडे ‘परभी सांबार’ म्हणजे पातळ पदार्थ नव्हे, मसाला. त्यात धणे-मिरचीबरोबर गहू, हरभरा डाळ आणि सढळ हाताने हिंग असतो. म्हणजे किनाऱ्यावरच या शब्दाचे दोन अर्थ झाले : मसाला, आणि मसाल्याचं कालवण.

वऱ्हाडी ठेचा
तिसरा आमच्याकडून घ्या. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. ‘भाजीवर सांबार टाक’ म्हटलं की डाळ ओतायची नसते. नागपूरची सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी. पुण्याच्या माणसाला हे नाव ऐकून सांबारात बुडवलेला वडा आठवतो, त्याला इलाज नाही.

शब्दवेल्हाळ
मग मूळ एकच दिसतं. संस्कृत ‘संभार’ : सम् + भृ, एकत्र आणलेली सामग्री. पूजासंभार, केशसंभार हे आपण आजही लिहितो. स्वयंपाकघरात ‘सामग्री’चा अर्थ आकसून ‘मसाल्याची सामग्री’ झाला. कन्नडमध्ये ‘सांबार पदार्थ’ म्हणजे सरसकट मसाल्याचे जिन्नस. गुजरातीत लोणच्याचा मेथी-मोहरीचा मसाला तो ‘संभार’. केरळात ‘संभारम्’ म्हणजे आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता ठेचून घातलेलं ताक. डाळ कुठेच नाही, मसाला सगळीकडे. वऱ्हाडातली कोथिंबीरही याच वाटेने आली असावी, कारण आपल्या बहुतेक मसाल्यांत धणेच सर्वांत जास्त.

कावेरीकाठ
हे सगळं मान्य. आता तमिळकडून बघा, कारण खरी खूण तिथे आहे. संस्कृतातले अकारान्त शब्द तमिळमध्ये थेट गेले की शेवटी बहुधा ‘अम्’ लागतो : नगर – नगरम्, आकार – आकारम्. त्या हिशेबाने ‘संभार’चं ‘संबारम्’ व्हायला हवं, आणि केरळात ते रूप आहेच. पण ताटातल्या पदार्थाचं नाव आहे ‘सांबार्’. शेवटी ‘अम्’ नाही आणि पहिला स्वर लांबलेला. असं रूप अशा भाषेतून येतं, जिथे शेवटचा ‘अ’ गळतो आणि ‘सं’चा ‘सां’ होतो. मराठीत दोन्ही होतं.

म्हणून माझं मत असं : नावामागची गोष्ट भाकड, पण शब्द मराठी तोंडातून गेला असण्याला चांगला आधार. ‘मराठीच’ असं मात्र म्हणणार नाही. कन्नडमध्येही ‘सांबारु’ आहे आणि एकोजींची माणसं बंगळूरहूनच खाली उतरली. त्या काळी कारकून, आचारी, पुराणिक दोन-तीन भाषा सहज बोलत. कुठल्या भाषेच्या खात्यावर शब्द मांडायचा, हे नुसत्या रूपावरून ठरणार नाही.

मोडीवाचक
रूपावरून ठरत नसेल तर कागद बघावेत. तंजावरच्या मराठी राज्याचे कागद १६७६ पासून १८५५ पर्यंतच्या काळाचे, बरेचसे मोडीत, म्हणजे जुन्या मराठी धावत्या लिपीत, आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचा मोठा साठा आहे. कोणत्या शब्दासाठी कुठे बघायचं, हे आधी ठरवावं लागतं.

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी लेख प्रचंड आहे, पण तो भोसले घराण्याचा इतिहास आहे. त्यात सांबार शोधू नये. स्वयंपाकाच्या शब्दांसाठी ‘सरभेंद्रपाकशास्त्र’ बघा. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती त्यात आहेत, आणि ग्रंथालयाने ते छापलंही आहे. त्याबरोबर कोठारातल्या जिनसांच्या याद्या आणि खर्चाचे हिशेब. शब्द तिथे दिसला की शेजारी कोणते जिन्नस लिहिलेत ते आधी पाहा. तूरडाळ आणि चिंच शेजारी असतील तर पदार्थ. हिंग, धणे, मिरी असतील तर मसाला.

मोडी वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. ओळ आधी आखून त्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. अनुस्वार पुष्कळदा गाळतात, म्हणून ‘साबार’ असं दिसलं तरी ‘सांबार’ धरून पाहावं. आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. नवशिके सर्वांत जास्त चुकतात ते शब्द चुकीच्या जागी तोडून, आणि मग कधी नसलेला पदार्थ जन्माला घालतात.

आंबोळी
एक मधलाच प्रश्न. आमटी आणि सांबार यांत फरक मसाल्याचा की पद्धतीचा?

कावेरीकाठ
दोन्हीचा, पण पद्धतीचा जास्त. आमटीत शिजलेली डाळ फोडणीला घालून मग गोडा मसाला, चिंच, गूळ. सांबारात चिंचेचं पाणी आधी उकळतं, डाळ मागून येते. चार जणांना अर्धी वाटी तूरडाळ, लहान लिंबाएवढी चिंच, दोन ते अडीच चहाचे चमचे सांबार पूड. भाज्या साध्या पाण्यात हळद-मीठ घालून अर्ध्याहून जास्त शिजवायच्या, त्यानंतर चिंचेचं पाणी आणि पूड घालून कच्चा वास जाईपर्यंत १० मिनिटं उकळायचं, मग घोटलेली डाळ, आणि पुढे फक्त दोन-तीन उकळ्या.

बिघडतं ते क्रमामुळे. चिंचेचं पाणी आधी पडलं तर आंबटपणामुळे शेंगा आणि भोपळा मऊ होत नाहीत. मालवणी वाटाण्यांचं निबर राहणं तेच. डाळ लवकर पडली तर चिंचेचा उग्रपणा जायच्या आत सगळं दाट होतं आणि तळाला लागतं. पुडीत धणे मिरचीच्या दुप्पट, शिवाय तूर आणि हरभरा डाळ, मिरी, थोडी मेथी. मेथी काळी होऊ दिली तर सगळी पूड कडू. गूळ घालावा की नाही यावर तंजावरात भांडू नये.

वऱ्हाडी ठेचा
सांबार राहू द्या. तमिळ लोक ‘डांगर पच्चडी’ (पच्चडी म्हणजे कोशिंबिरीसारखं तोंडीलावणं) म्हणतात, तो आपलाच डांगर का? आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. खानदेशात खरबुजालाही म्हणतात. पच्चडीत भोपळा तर नसतो.

आंबोळी
भोपळ्याचा नाही, उडदाचा डांगर. उडदाचं पीठ कालवून पोळी-भाकरीबरोबर खातात तो. पापडाच्या लाट्यांच्या पिठालाही डांगर म्हणतात, पण त्यात पापडखार असतो. दह्यात कालवायला ते पीठ वापरू नये, खारट आणि तुरट लागतं.

कावेरीकाठ
बरोबर. तंजावरकडची डांगर पच्चडी म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. पदार्थ तोच, नाव तेच. सांबारापेक्षा हा दाखला कितीतरी पक्का आहे, आणि कारण व्याकरणातलं. अस्सल तमिळ शब्द ‘ट’ने सुरू होत नाही. ‘ल’ आणि ‘र’नेही नाही. हा नियम तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथाइतका जुना. तमिळ लिपीत ‘ट’ आणि ‘ड’ एकाच अक्षराने लिहितात. त्यामुळे ‘टांगर्’ असा शब्द तमिळमध्ये दिसला की तो पाहुणा हे लगेच कळतं. पदार्थ, नाव आणि प्रदेश, तिन्ही जुळलं की शंका उरत नाही. रोमन लिपीत काहीजण त्याचं स्पेलिंग धोक्याच्या इंग्रजी शब्दासारखं करतात, आणि हॉटेलच्या पाटीवर ‘डेंजर पच्चडी’ होते.

वऱ्हाडी ठेचा
आता कृतीही टाका, नाहीतर लोक भोपळा किसून मोकळे होतील.

आंबोळी
एक वाटी सालं काढलेली उडीद डाळ मंद आचेवर कोरडीच भाजा. रंग किंचित गुलाबी झाला आणि वास सुटला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवली तर उष्णतेने पुढे करपते. पूर्ण गार झाल्यावर चमचाभर जिरं घालून बारीक दळा. कालवताना चार मोठे चमचे पिठाला एक वाटी गोडसर दही, मीठ, हिरवी मिरची, आपल्याकडे बारीक कांदाही. वर तेलाची फोडणी.

उडदाचं पीठ पाणी पीत राहतं. कालवल्यावर सैल वाटलं तरी १० मिनिटांत गोळा होतो, म्हणून सुरुवातीला सैलच ठेवा आणि वाढताना ताक घाला. पीठ गरम असताना दही घातलं तर गुठळ्या होतात. डाळ कमी भाजली तर पीठ बुळबुळीत आणि कच्चट लागतं.

शब्दवेल्हाळ
‘ल’ने सुरू होत नाही म्हणालात, मग तमिळमधली ‘लावणी’ही आपलीच?

कावेरीकाठ
शब्द आपलाच. पण ‘तमिळ लावणी’ वाचून घुंगरू आणि नऊवारी डोळ्यांसमोर आणू नका. तंजावर भागात फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास कामदहनाचा सण असतो, त्यात लावणी गातात. दोन पक्ष : ‘एरिंद कच्चि’ म्हणतो मदन जळाला, ‘एरियाद कच्चि’ म्हणतो जळालाच नाही. एकाने पद्यात प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने पद्यातच तोडायचा, रात्रभर. साथीला डफ. आपल्याकडचा खरा जोडप्रकार म्हणजे कलगी-तुरा : एक पक्ष शक्तीचा, एक शिवाचा, आणि सवाल-जवाब. तमाशातली लावणी नव्हे.

मोडीवाचक
कीर्तनातले शब्दही या यादीत घ्या. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं मराठी कीर्तनातूनच गेली आणि चालींसकट राहिली. हरदास बोलतो तमिळ, पण पद साकीच्या चालीवर म्हणतो.

कचेरीतला एक शब्दही टाकतो. तमिळमध्ये ‘अट्टवणै’ म्हणजे तक्ता, वेळापत्रक. शाळेत वर्गाच्या वेळापत्रकालाही हाच शब्द. तो मराठी ‘आठवण’शी जोडतात. स्मरणासाठी केलेली नोंद, त्यावरून नोंदींचा तक्ता. ‘याद’वरून ‘यादी’ झाली तसंच हे.

शब्दवेल्हाळ
कन्नडमध्येही ‘अठवणे’ होतं ना? म्हैसूर संस्थानात महसूल खात्याला ‘अठवणे’ म्हणत.

मोडीवाचक
होतं. म्हणून इथेही सांबारासारखीच अडचण : शब्द मराठी कारभारातला, पण तमिळमध्ये तंजावरहून उतरला की म्हैसूरकडून, हे तारखेचे कागद लावल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या तमिळ कोशात शब्द काढावा. १९२४ ते १९३६ या काळात तो सहा खंडांत निघाला आणि परक्या शब्दांपुढे मूळ भाषा दिलेली असते. मग मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत त्या शब्दाचे सगळे अर्थ पाहावेत, नुसता आजचा नव्हे. डांगरासारख्या शब्दाला तर हे लागतंच, नाहीतर भोपळ्याचा आणि उडदाचा घोळ होतो.

वऱ्हाडी ठेचा
भोपळ्याचा घोळ आमच्या माथी नको. कोशात दोन्ही सापडले तर दोन्ही इथे टाका.