आखूड स्प्रिंग बसवताना सोबतचे कोणते भाग बदलावेत?

सरळरेषा:
माझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा) आहे. गाडी 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या, मूळपेक्षा थोड्या कडक स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअब्सॉर्बर घ्यायचे ठरले आहे. बाकीचे सर्व भाग अजून मूळचेच आहेत. स्ट्रट माउंट (स्ट्रटला वर बॉडीशी जोडणारा भाग), बेअरिंग, बंप स्टॉप (चाक फार वर गेल्यास शेवटी धक्का झेलणारा ठोकळा), लिंक रॉड (झुकणे कमी करणाऱ्या अँटी-रोल बारला स्ट्रटशी जोडणारा दांडा) आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या भुजेचे) रबरी बुश यांपैकी काय बदलणे खरोखर गरजेचे आहे आणि काय केवळ विक्रेत्याची यादी लांबवणारे आहे? गाडी रोजच्या वापराची असून वळणावर ती कमी झुकावी, एवढीच अपेक्षा आहे.

तेलकट_हात:
जे भाग स्ट्रट खोलल्याशिवाय हाती लागत नाहीत, ते याच वेळी नवे घालावेत. माउंट आणि त्याखालचे बेअरिंग त्यांत पहिले. बेअरिंग जाम झाले, की स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग पीळ घेते, मग एकदम सुटते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. दोष मात्र नव्या स्प्रिंगवर जातो. स्प्रिंगखालचे रबर आणि शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावरचा सेल्फ-लॉकिंग नटही नवा घ्यावा, आणि तो नट इम्पॅक्ट गनने आवळू नये, कारण दांडा आत गरगर फिरून सीलला इजा होऊ शकते.

सर्वांत दुर्लक्षित भाग मात्र बंप स्टॉप. गाडी 30 मिलिमीटर खाली आली, म्हणजे चाकाला वर जायला मिळणारी जागा साधारण तेवढीच घटली. जुना लांब स्टॉप तसाच ठेवला, तर वळणावर बाहेरचा स्ट्रट भर वळणातच त्यावर टेकतो, पुढचा ताठपणा अचानक वाढतो आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते. चालकाला वाटते, स्प्रिंग फार कडक आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी तो स्प्रिंगवर नव्हे, तर स्टॉपवर गाडी चालवत असतो. म्हणून शॉकअब्सॉर्बरच्या उत्पादकाने सुचवलेला आखूड स्टॉपच घ्यावा. जुना कापायचाच असेल, तर उत्पादकाने दिलेल्या मापाने कापावा, पण निमुळते टोक उडवू नये; मऊपणे भार घेणारा भाग तोच असतो.

पाना_बारा:
वरील मताशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो: सगळे नवे बसवून लोअर आर्मचे बुश जुनेच राहिले, तर स्टिअरिंगमधला सैलपणा तसाच राहील. मी पॉलियुरेथेनचे बुश सुचवेन. ते रबरापेक्षा कमी दबतात, त्यामुळे ब्रेक लावताना आणि वळताना चाकाचा कोन कमी हलतो.

मोजपट्टी:
बुश बदलण्याला हरकत नाही, पण रोजच्या गाडीसाठी पॉलियुरेथेन मला पटत नाही. लोअर आर्मचा मागचा बुश बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, जेणेकरून खड्ड्यात चाक किंचित मागे जाऊन धक्का सोसेल; तो कडक केला, की तोच धक्का बॉडीपर्यंत पोहोचतो. शिवाय वंगण संपले, की हे बुश कुरकुरतात. मूळ दर्जाचे नवे रबरी बुश पुरेत.

ते बसवताना एक पथ्य पाळावे. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते व पीळ घेऊनच काम करते. चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून अंतिम आवळणी गाडीचा भार चाकांवर असतानाच करावी.

झुकण्याबद्दल सांगायचे तर, मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आणल्यावर रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) बहुधा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो, दोन्हींतले अंतर वाढून झुकण्याचा जोर वाढतो आणि कडक स्प्रिंगचा काही फायदा तिथेच खर्च होतो. 30 मिलिमीटरपर्यंत हे चालून जाते. त्याहून खाली जायचे असल्यास लांब दांड्याचे बॉल जॉइंट लागतात आणि त्यांच्या जोडीने टाय रॉडचे टोकही जुळवावे लागते, नाहीतर चाक वर-खाली होताना आपोआप वळू लागते.

सरळरेषा:
बुश रबरीच घेईन. लिंक रॉड लांबी बदलता येणारे घ्यावेत का?

मोजपट्टी:
लिंकचे वरचे टोक स्ट्रटलाच जोडलेले असेल, तर या उंचीला मूळ लांबीचे बहुधा चालतात. फक्त अँटी-रोल बार ड्राइव्ह शाफ्टला किंवा आर्मला टेकत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे. लिंकच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोळी) सैल असेल तरच ते बदलावेत.

तेलकट_हात:
स्प्रिंग थोड्या वापरानंतर आणखी किंचित बसतात, त्यामुळे अलाइनमेंट बसवल्या दिवशी आणि स्प्रिंग बसल्यावर, अशी दोनदा करावी. उंचीबरोबर ‘टो’ (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) हाही बदलतो आणि टायर सर्वाधिक तोच खातो. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी तपासून घ्यावा.