भूक मारणारी चित्रं

‘महागड्या रेस्टॉरंटमधली चित्रं म्हणजे भिंत भरायची सोय, आणि चित्रकारही पैसे मिळाले की गप्प बसतो’ असं एक मत नुकतंच वाचलं, आणि ते अर्धं पटलं. गप्प न बसलेला एक चित्रकार आहे ना, मार्क रॉथ्को! न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीत १९५९ साली ‘फोर सीझन्स’ नावाचं महागडं रेस्टॉरंट उघडलं (त्या नावाच्या हॉटेलांशी याचा संबंध नाही). आतली सजावट वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सनची, दोन दालनांमधल्या वाटेवर पिकासोने रंगवलेला बॅलेचा अवाढव्य पडदा. तो २०१४ पर्यंत तिथेच होता. रॉथ्कोला तिथल्या भित्तिचित्रांचं काम १९५८ मध्ये मिळालं. त्याने काळपट लाल, तपकिरी रंगांचे मोठमोठे कॅनव्हास रंगवले. तिथे जेवणाऱ्या धनिकांची भूकच मरावी हा आपला इरादा आहे, असं त्याने बोटीवर भेटलेल्या एका संपादकाला सांगितलं होतं. मग एकदा बायकोला घेऊन स्वतःच तिथे जेवायला गेला, आणि तो थाट बघून इतका वैतागला की काम सोडलं, पैसे परत केले.

त्यातली नऊ चित्रं त्याने लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाला दिली. ती तिथे पोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० ला, त्याने आत्महत्या केली. मी ती पाहिली आहेत. मंद उजेडाची खोली, कुणी मोठ्याने बोलत नाही, दहा मिनिटांत कोंडल्यासारखं व्हायला लागतं. बाहेर येऊन कॅफेत सँडविच मात्र मी व्यवस्थित संपवलं.