सर्व्हर अचानक रीस्टार्ट होतो, लॉग कोरा: पॉवरचा दोष कसा पकडायचा?

खोली_क्र_३:
ऑफिसात टॉवर सर्व्हर आहे. ४९५ वॉटचे दोन हॉट-स्वॅप (सर्व्हर चालू असताना बदलता येणारे) पीएसयू, म्हणजे पॉवर सप्लाय, ८ हार्ड डिस्क, उबंटू. दोन्ही पीएसयू एकाच ३ केव्हीए लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसवर आहेत. ३ फेब्रुवारी, १७ फेब्रुवारी आणि ३ मार्च अशा तीन मंगळवारी, दर वेळी दुपारी २.१० च्या सुमारास, सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झाला. मधल्या मंगळवारी काही नाही. मेमटेस्टचे (रॅमच्या चाचणीचे) चार पास स्वच्छ निघाले. यूपीएसच्या आउटपुटला मल्टीमीटर २२९ व्होल्ट दाखवतो. मदरबोर्ड बदलायचा सल्ला मिळालाय, पण खर्च मोठा आहे. आधी काय तपासू?

सीरियल_कन्सोल:
बोर्डला इतक्यात हात लावू नका. कर्नल (उबंटूचा गाभा) कोसळला, म्हणजे पॅनिक झाला, की वीजच गेली, हे आधी ठरवा. पॅनिक असेल तर बहुतेक वेळा माग राहतो: पीस्टोअरमध्ये (रीबूटनंतरही टिकणाऱ्या नोंदींत), केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी जपणारी सोय) लावलेला असेल तर त्यात, नाहीतर कन्सोलवर. वीज गेली की लॉग चालता चालता तुटतो. जर्नलसीटीएलने (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी पाहा. 'लास्ट' कमांड एक्स पर्यायासह चालवा. रीबूटच्या आधी शटडाउनची नोंद नसेल तर सिस्टिमला आवरायला वेळच मिळाला नव्हता.

मग आयपीएमआयटूल या कमांडने बीएमसीचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्वतंत्र देखरेख चिपचा, इव्हेंट लॉग काढा, खरी साक्ष तिथे मिळते. बीएमसी स्टँडबाय रेलवर (सर्व्हर बंद असतानाही चालू राहणाऱ्या पुरवठ्यावर) चालतो आणि त्याचा लोड किरकोळ असतो. त्यामुळे एसी काही मिलिसेकंद गेला आणि मुख्य १२ व्होल्ट बसले तरी तो बहुधा तग धरतो. 'एसी लॉस्ट' दिसलं तर इनपुटच गेलं होतं. 'फेल्युअर डिटेक्टेड' असेल तर पीएसयूवर संशय. 'थर्मल ट्रिप' किंवा सीपीयूची एरर असेल तर हीटसिंक, पंखे, व्हीआरएमकडे (सीपीयूला वीज देणारं सर्किट) वळा.

आणि मल्टीमीटरच्या २२९ वर विसंबू नका. तो सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचन घेतो, २० मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसणारच नाही.

खोली_क्र_३:
जर्नल मध्येच तुटलंय, शटडाउनची नोंद नाही. बीएमसीमध्ये ३ मार्चला पीएसयू १ आणि पीएसयू २ दोन्हींवर एकाच सेकंदाला 'एसी लॉस्ट' आहे. पण वेळ सकाळी ८.४० ची! तेव्हा सर्व्हर व्यवस्थित चालू होता.

बॅटरी_बँक:
८.४० मध्ये साडेपाच तास मिळवा, २.१० होतात. बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर आहे. नोंद त्याच घटनेची आहे.

आता तारखा पाहा. तिन्हींमध्ये नेमकं १४ दिवसांचं अंतर आहे. बऱ्याच यूपीएसची स्वयंचाचणी मुळातच १४ दिवसांवर लावलेली असते, आणि यूपीएस ज्या वेळेला सुरू केला त्याच वेळेला ती होते. चाचणीत यूपीएस मुद्दाम मेन्स सोडून लोड बॅटरीवर टाकतो. बॅटरी थकलेली असेल तर आउटपुट कोसळतं आणि यूपीएस परत मेन्सवर येतो. आपल्याकडे ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची. पूर्ण लोडवर पीएसयूचा होल्ड-अप, म्हणजे वीज गेल्यावर तग धरायचा वेळ, साधारण १२ ते १६ मिलिसेकंद. एक सायकल गेली तरी काम संपलं. दोन पीएसयू एकाच यूपीएसवर असतील तर ते दोन असून एकच.

यूपीएसचा इव्हेंट लॉग पाहा. त्याच यूपीएसवरच्या स्विचचा अपटाइमही पाहा. स्विच रीस्टार्ट झाला असेल तर प्रश्न मिटला. झाला नसेल तरी यूपीएस निर्दोष ठरत नाही, कारण कमी लोडवर होल्ड-अप बराच लांबतो.

पुढच्या चाचणीपर्यंत पीएसयू २ यूपीएसवरून काढून थेट मेन्सच्या वेगळ्या सॉकेटवर द्या. त्याआधी आयपीएमआयटूलच्या डीसीएमआय पॉवर रीडिंगमधला (सर्व्हर किती वॉट घेतो ते दाखवणाऱ्या वाचनातला) कमाल आकडा पाहा. तो ४९५ च्या आत, शक्यतो ४०० च्या खाली हवा. नाहीतर एक पीएसयू गेला की दुसरा ओव्हरलोडने जाईल.

अर्थिंग_पाहा:
वरच्या निदानाशी सहमत, पण बॅटरी मोजताना एक चूक हमखास होते. नुसत्या ठेवलेल्या बॅटरीला १२.७ व्होल्ट दिसले की लोक ती चांगली समजतात. मरू घातलेली बॅटरीही विनालोड तेवढे दाखवते. सर्व्हर बंद करून तेवढ्याच वॉटचे बल्ब किंवा हीटर यूपीएसला लावा, मेन्स काढा आणि पहिल्या मिनिटात प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. फक्त बॅटरीचा कप्पा उघडा, आतल्या बोर्डला हात नको. अंगठी-घड्याळ काढून ठेवा.

जोडीला लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा, २-३ व्होल्टच्या आत हवं. पीएसयूच्या केबलचे प्लग हलवून पाहा. ढिला प्लग लोडखाली तापतो, मग त्याच्या पिना काळवंडतात.

खोली_क्र_३:
कमाल आकडा ३६२ वॉट. ४०० वॉटच्या बल्बवर चार बॅटऱ्यांची वाचनं: १२.१, १२.०, ८.९, ११.९. विनालोड चारही १२.६ च्या वर होत्या. बसवून चार वर्षं झाली. फक्त तिसरी बदलली तर चालेल का?

बॅटरी_बँक:
नको. जुन्या तीन आणि नवी एक सिरीजमध्ये असली की चार्जिंगचं व्होल्टेज समान वाटलं जात नाही, नवी लवकर खराब होते. चारही एकाच बॅचच्या घ्या, बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिना पाहून. बसवल्यावर रात्रभर चार्ज होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी स्वयंचाचणी हाताने चालवा, सर्व्हर बंद ठेवून, बल्बच्या लोडवर. पीएसयू २ मात्र मेन्सवरच राहू द्या.