सिंक तुंबलं की तुमच्याकडे काय करता? अनुभव सांगा

त्रिमूर्तीनगर (धागा माझा)
महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, आमचं सिंक तुंबलं. पंगत नुकतीच उठलेली. पुरणाची पातेली, कढीचा गंज, आंबिलीची भांडी अशी चळत, आणि सिंकात राखाडी पाणी काठोकाठ. सासूबाईंनी उकळतं पाणी ओतलं. नणंदेनं खायचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं, काय छान फसफसलं! पाणी मात्र बोटभरही उतरलं नाही. नवरा कॉस्टिक सोड्याची पुडी घेऊन आला, तोवर आम्ही बायकांनी भांडी अंगणातल्या नळावर घासून टाकली होती. सिंक अजून तसंच आहे.
काय अडकलं होतं, काय केलं, कशानं मोकळं झालं, सगळं लिहा. फसलेले उपाय आधी.

धरमपेठ
अख्खी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून बोलतो. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. कार्बन डायऑक्साइड मोकळ्या तोंडानं वर निघून जातो, बोळ्याला ढकलत बसत नाही. वास थोडा कमी होतो, बस.
कॉस्टिक खरंच काम करतो, कारण तो चरबीचा साबण करतो. पण अर्धवट सोडलं, मागून भरपूर पाणी घातलं नाही, तर तोच साबण पाइपात घट्ट बसतो. पाण्यात विरघळताना तो चांगलाच तापतो. त्यामुळे पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी नाही. मी स्वतः, एवढं शिकवून, एकदा घाईत ॲल्युमिनियमच्या पातेलीत कालवला. पातेली फसफसायला लागली (हायड्रोजन!) आणि बुडाला खड्डे पडले. ती पातेली बायकोनं आजवर फेकलेली नाही. पाहुण्यांना दाखवते.

सक्करदरा
आमच्याकडं रविवारी सावजी मटण ठरलेलं. डिसेंबरातल्या थंडीत चरबी पाइपातच गोठते. मी काय केलं भाऊ, गंजभर उकळतं पाणी धडाधड ओतून दिलं. पाणी गेलं, मीही खुश. दोन दिवसांनी सिंकखालचा कप्पा उघडून पाहतो त पाइप मधातच लोंबून राहिला आणि सांध्यातून थेंब थेंब गळून राहिलं. प्लंबर म्हणे, पीव्हीसी हाय हे, साठ डिग्रीच्या वरती नरम पडते. आता हात सोसेल इतकंच गरम पाणी आणि भांड्याचा साबण, तेही चरबी असंल तरच. आणि खरकटं तेल आधी पेपरनं पुसून घेतो.

महाल
रबरी पंप. दुसरं काही नको. पण लोक तो कोरड्या सिंकात दाबतात आणि म्हणतात चालत नाही. रबर बुडेल एवढं पाणी हवं. आमचं सिंक दोन भांड्यांचं आहे, त्यामुळे दुसऱ्या भोकात ओलं फडकं कोंबून धरावं लागतं, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. आधी कॉस्टिक किंवा ॲसिड ओतलं असेल तर पंपाला हात लावू नका, उडतं.

मनीषनगर
भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. व्हिडिओ बघून बॉटल ट्रॅप (सिंकखालचं बाटलीसारखं भांडं) उघडला, हातानंच फिरला. चहापत्ती, भात, संत्र्याच्या शिरा आणि एक कानातलं (कुणाचं, यावर अजून वाद). बादली खाली ठेवली होती, ती भरल्यावर मैत्रिणीनं शहाण्यासारखी त्याच सिंकात रिकामी केली. ट्रॅप तर माझ्या हातात होता!
परत बसवताना वॉशर उलटा लागला आणि रात्रभर गळलं. एक मात्र कळलं, ट्रॅपमध्ये थोडं पाणी राहतंच आणि राहायलाच हवं. त्याच पाण्यानं गटाराचा वास अडतो.

इतवारी
हेच काम करतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल. पहिला प्रश्न, फक्त सिंक तुंबलंय की न्हाणीतलं पाणीही थांबलंय? दोन्ही असेल तर स्वयंपाकघरात काही ओतू नका, बाहेरचं चेंबर उघडा. पावसाळ्यात गडर लाइन भरली की पाणी मागं फिरतं, त्याला पावडर काय करणार?
एकटं सिंक असेल तर आधी ट्रॅप उघडा. दहातली बरीच कामं तिथंच संपतात. तिथं काही नसेल तर पुढं स्प्रिंग, म्हणजे पाइपात घालायची लांब लवचिक तार. ती नुसती खुपसायची नाही, अडली की फिरवायची. आणि तो पांढरा वळ्यावळ्यांचा पाइप, त्याच्या प्रत्येक वळीत चिकटा बसतो आणि स्प्रिंगनं तो फाटतोही. मी तो काढून गुळगुळीत पाइप टाकायला सांगतो. लोक म्हणतात पुढच्या वेळी.
हात जोडून एक सांगतो. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकू नका, क्लोरीन वायू निघतो. आणि काही ओतलं असेल तर प्लंबरला आधी सांगा. एका घरी सांगितलं नव्हतं, मनगटावर डाग आहे.

प्रतापनगर
जाळी लावा म्हणते मी. जाळी काढून संत्र्याची फोलपटं टाकणारे आमच्या घरात तिघं आहेत, त्यांच्यावर उपाय सुचवा.

त्रिमूर्तीनगर
न्हाणीतलं पाणी व्यवस्थित जात होतं, म्हणून आज ट्रॅप उघडला. आत पांढरट, रबरासारखा गोळा. आंबिलीचं ज्वारीचं पीठ! धरमपेठवाले सर, उकळत्या पाण्यानं ते शिजूनच बसलं असणार ना? सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्यांनी गोळा पाहिला आणि म्हणाल्या, "आंबील घट्टच झाली होती यंदा." आंबील मी केली होती.
कॉस्टिकची पुडी फोडलेली नाही. दुकानदार परत घेईल का?