डबल हॉल करूनही लाइन 15 मीटरच्या पुढे जात नाही, लीडरला गाठी पडतात

पुळणवाला
केळशी-आंजर्ले पट्ट्यात खाडीच्या तोंडाशी फ्लाय (पिसा-केसांचं हलकं नकली आमिष) टाकून मासे धरतो. रॉड 9 फुटी, 8 नंबर (लाइनच्या वजनाची श्रेणी), फास्ट ॲक्शन म्हणजे कडक, टोकाशी वाकणारा. लाइन 8 नंबर, वेट फॉरवर्ड (वजन पुढच्या भागात), तरंगती. खोक्यावर ‘थंड पाण्यासाठी’ असं लिहिलंय. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक धागा, 9 फुटी. फ्लाय 1/0 गरीची क्लाउझर, शिशाचे डोळे असलेली. हॉल (रॉड मागे आणि पुढे मारताना डाव्या हाताने लाइन ओढणं) न करता 13-14 मीटर जाते, हॉल केला तर 15. एवढ्या ओढाओढीचा फायदा एक मीटर! शिवाय दर पाच-सात कास्टला लीडरवर गाठ. दुपारी वारा तोंडावर असतो. 9 नंबरचा रॉड घेऊ का? जाणकारांनी सांगावं.

तिवर
रॉडला हात लावू नका. हॉलची वेळ चुकतेय आणि गाठी त्याचाच पुरावा आहेत. सगळे त्यांना वाऱ्याच्या गाठी म्हणतात, पण वारा बिचारा गाठ मारत नाही. मधेच एकदम जोर दिला की रॉड अचानक जास्त वाकतो, टोक सरळ रेषा सोडून खाली बसतं आणि लूपचा, म्हणजे हवेतल्या लाइनच्या वळणाचा, वरचा पदर खालच्या पदराखाली उतरतो. तिथे लीडर स्वतःलाच अडकतो. हॉल लवकर सुरू केला, किंवा रॉड थांबायच्या आधीच संपवला, तरी हेच होतं.

सुरुवातीला दोन्ही हात जवळजवळ ठेवा आणि रॉडबरोबर एकत्र सरकू द्या. हॉल शेवटच्या टप्प्यात, मनगट फिरतं तेव्हा. हळू सुरू, वेग वाढत जाणारा, सर्वात वेगवान क्षण रॉड थांबतो त्याच क्षणी. हिसका नको.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते. हॉल झाल्यावर डावा हात खाली मांडीपाशी असतो. तो वर आणायचा, पण स्वतःहून नाही. मागे लूप उलगडताना लाइन हात ओढत नेते, तिच्या वेगाने जाऊ द्या. घाईने वर नेलात तर हात आणि पहिलं गाइड (रॉडवरची कडी) यांच्यामधली लाइन लोंबते. मग पुढचा हॉल फक्त ती ढील भरून काढतो, रॉडला काहीच मिळत नाही. तुमचा तो एक मीटर बहुधा इथेच अडकलाय. पुढच्या वेळी फ्लायकडे बघू नका, तेवढ्या हातभर लाइनकडे बघा.

पुळणवाला
बघितलं. लोंबते, चांगली वीतभर. ओढायचं किती?

तिवर
बाहेर लाइन असेल त्या मानाने. 8-10 मीटरला 20-30 सेंमी पुरे. पूर्ण हेड (लाइनचा पुढचा जाड, जड भाग) बाहेर असेल तर अर्धा मीटर किंवा थोडं जास्त. थोड्या लाइनला लांब हॉल मारला की पुन्हा गाठ.

सराव गवताच्या मैदानावर करा, वाळूवर लाइनचा लेप घासतो. गरीऐवजी लोकरीचा झुपका बांधा. 10 मीटर लाइन बाहेर, रॉड कमरेच्या उंचीला आडवा. एक बॅककास्ट (मागे टाकणं), एक हॉल, आणि लाइन जमिनीवर पडू द्या. थांबा, हात कुठे आहे ते बघा. मग फॉरवर्ड. आडव्या कास्टमध्ये लूप डोळ्यांसमोर दिसतो, चूक लपत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या जमल्या की मगच जोडा. रोज 15 मिनिटं बास, रविवारी तीन तास करून खांदा दुखवू नका.

गरीवाला
लाइनबद्दल कोणी बोललं नाही. थंड पाण्याची लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, गाइडला चिकटते, गुंडाळ्या होतात. कितीही सुरेख हॉल करा, सुटणार नाही. उष्ण कटिबंधासाठीची कडक गाभ्याची लाइन घ्या. खरा खर्च इथे करा.

घेताना खोक्यावरचं वजन वाचा. 8 नंबरचं प्रमाण म्हणजे पहिल्या 30 फुटांचं वजन 210 ग्रेन, साधारण 13.6 ग्रॅम. अर्धा-एक नंबर जड लाइनसुद्धा 8 म्हणून विकल्या जातात. शंका असेल तर तेवढी लाइन सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा.

हेड जिथे संपतं तिथे मार्करने खूण करा. खूण टोकाच्या गाइडच्या अर्धा ते एक मीटर बाहेर आली की सोडा. त्याहून जास्त हवेत धरली तर हेडमागची बारीक रनिंग लाइन जोर पुढे नेऊ शकत नाही, लूप कोसळतो. हिशेब करा: हेड 11 मीटर, वर 1 मीटर, लीडर 2.5, पुढे केलेल्या रॉडचे 2. झाले की साडेसोळा! पुढची चार मीटर सुटली की वीस.

रॉडचे तुकडे जोडताना पाव वळसा तिरके धरून घाला आणि फिरवून गाइड एका रेषेत आणा. सांध्याला साधी मेणबत्ती चोळा. हॉलने सांधे सैल होतात, अर्ध्या तासाने तपासा. गाइडमधून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे चीर आहे, ती लाइन खाते.

लीडर वाऱ्यात 9 फूट कशाला? 40 पाउंड ताकदीचा धागा 1.2 मीटर, 30 पाउंड अर्धा मीटर, 20 पाउंड अर्धा मीटर, शेवटी 40 पाउंड फ्लुरोकार्बन 30 सेंमी. शेवटचा तुकडा वाचवू नका, जिताडा माशाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते.

देवबागवाला
सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) असता तेव्हा जावा, अर्धा काम थंयच झाला. पण मतलई पाठीवर असते, म्हणून बॅककास्ट तिच्यात घुसवावा लागतो: मागे खाली आणि जोरात, पुढे वर. दुपारच्या खाऱ्या, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात बरोबर उलटं, मागे उंच, पुढे पाण्यालगत, लूप अरुंद.

उजव्या हाताने टाकत असाल तर पुळणीवर उत्तरेकडे तोंड करा, वारा डावीकडून येतो, फ्लाय अंगापासून दूर राहते. दक्षिणेकडे टाकायचं असेल तरी पाठ दक्षिणेला करून उभे राहा आणि बॅककास्टवरच सोडा. क्लाउझरचे शिशाचे डोळे कानशिलावर बसतात, म्हणून चष्मा आणि टोपी सक्तीची.

आणि एक विचारतो, सोडायची मोकळी लाइन असते कुठे?

पुळणवाला
पायाशी, पाण्यात.

देवबागवाला
मग ती चार मीटर तिथेच बुडाली. ओल्या लाइनला पाणी धरून ठेवतं, लाट आली की पायाला वेटोळं. प्लॅस्टिकचा टब घ्या, तळाला भोकं पाडा, आतून आठ-दहा केबल टाय उभे करा, 5-6 सेंमीचे. पट्ट्याने कमरेला बांधा आणि मोकळी लाइन त्यात पडू द्या. पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चला, वाळूत पाकट असते.

गरीवाला
कांदळवनात डास असतातच. डीट असलेलं औषध लावून तेच हात लाइनला लावू नका, लेप विरघळतो. तळहाताऐवजी हाताच्या पाठीने लावा.