पोलो जीटीचं इंजिन फाउंडेशन : तिन्ही बदलू की खालचं एकच?

मागवाला_सोलापूर

मंडळी, गाडी 2014 ची पोलो जीटी टीएसआय. 1.2 टर्बो पेट्रोल, सात गिअरची डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), 98 हजार किलोमीटर. कंपनीतून ताकद 105 पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 175 न्यूटन मीटर. वर मी दोन वर्षांपूर्वी रीमॅप मारून घेतलाय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून जोर वाढवलाय.

त्रास दोन आहेत. सिग्नलला एसी चालू ठेवून उभा राहिलो की स्टिअरिंग आणि आतला आरसा थरथरतो, मागच्या रिक्षाचा एक दिवा दोन दिसतो. दुसरं म्हणजे सात रस्त्याला सिग्नल सुटल्यावर जोरात पाय दिला की खालून ‘ठक्क’. पाय सोडला की परत ‘ठक्क’. आई म्हणते, डिक्कीत जातं ठेवलायस का?

इंजिन-गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणारी तीन रबरी फाउंडेशनं असतात, त्यातलं ड्रायव्हर बाजूचं मागच्या वर्षी गावातल्याच एका गॅरेजात बदललं. “ओरिजिनल आहे मालक,” म्हणाला. पाच महिन्यांत रबराला चिरा. नशीब, जुनं मी मागून घेतलं होतं. दोन्ही हातात घेतली तेव्हा कळलं, जुन्याच्या पोटात तेल होतं, हलवलं की डुचमळायचं. हे नवं म्हणजे नुसता भरीव रबराचा गोळा. भांडायला गेलो तर म्हणतो, सगळ्यांना हेच बसवतो.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, थरथर मला नवी नाही. आजोबांच्या काळात अशोक चौकाकडं राहत्या घरातच चार माग होते. माग सुरू असले की फडताळातले पितळी डबे हळूहळू पुढं सरकत यायचे आणि आजी दिवेलागणीला ते एकेक करून मागं ढकलायची. त्यामुळं भरीव ॲल्युमिनियमचं फाउंडेशन घाल असं कुणी सांगू नका, ते घर मी बघितलंय.

पॉलीयुरेथेनचं (रबरापेक्षा कडक, थोडक्यात ‘पॉली’) मात्र डोक्यात आहे. कडकपणाचे 70 शोअर, 80, 95 असे आकडे दिसतात. तिन्ही पॉली घालू का? एप्रिल-मेत आपल्याकडं पारा 43-44 ला जातो, त्यात टिकेल का? वापर म्हणजे रोज कारखाना, महिन्यातून दोनदा पुणे, आणि आई-बाबांना अक्कलकोट. ट्रॅकवर जात नाही. टेंभुर्णीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला की थोडं दाबतो, एवढंच.

शेंगाचटणी

काय करालाव मालक, एवढा खर्च कशाला? खालचं फाउंडेशन म्हणजे डॉगबोन, त्याच्या रबरात भोकं असतात बघा. काच चिकटवायचं काळं सीलंट त्यात भरायचं, आठवडाभर सुकू द्यायचं, झालं पॉली. माझ्या स्विफ्टला दीड वर्ष झालं.

मागवाला_सोलापूर

आठवडाभर गाडी उभी ठेवून कारखान्याला काय बैलगाडीनं जाऊ? आणि माझं रबर कडेनं फाटलंय की नाही तेच अजून बघितलेलं नाही. फाटक्या चादरीला अस्तर लावून काय उपयोग.

गिअरबॉक्स_अण्णा

आधी कुठलं फाउंडेशन काय काम करतं ते बघा, मग खरेदी. तुमच्या गाडीत इंजिनचं वजन वरच्या दोघांवर टांगलंय : ड्रायव्हर बाजूचं इंजिनचं, आणि डावीकडं बॅटरीखाली गिअरबॉक्सचं. खालचं डॉगबोन वजन उचलतच नाही. पाय दिला की इंजिन मागं-पुढं पिळवटतं, ते धरून ठेवायचं एवढंच त्याचं काम. म्हणून ‘ठक्क’ बहुतेक खालच्याचं आणि उभ्या गाडीची थरथर वरच्याचं. तुमची दुखणी दोन आहेत, औषधंही दोन लागणार.

थरथरीचं कारण तुम्हीच लिहून ठेवलंय. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं. 750 आरपीएमला म्हणजे सेकंदाला 25. त्या तेलवाल्या फाउंडेशनमध्ये दोन कप्पे असतात, मधल्या बारीक वाटेनं तेल इकडून तिकडं जातं आणि हेलकावा जिरतो, पण बारीक थरथरीला ते मऊच राहतं. भरीव रबराला एकाच वेळी हे दोन्ही जमत नाही. तेव्हा ड्रायव्हर बाजूला परत तेलवालंच घ्या, पार्ट नंबर जुळवून. डावीकडचं फाटलं नसेल तर हात लावू नका.

खाली मात्र पॉली घाला, 70 किंवा फार तर 80. आकडा जितका मोठा तितकं कडक, 95 ट्रॅकवाल्यांना. रीमॅपचा वाढीव टॉर्क जिरवायला आणि पहिल्या गिअरात चाकं टपटप उडतात ती थांबवायला 70 पुरतं. तिन्ही पॉली केलीत तर आरशात एका रिक्षाच्या चार होतील. उन्हाची काळजी सोडा. बोनेटखाली बारा महिने 44 पेक्षा जास्तच असतं.

आणखी एक. ब्रेक दाबून गिअर डी-आर (पुढं-मागं) करून इंजिन किती उचलतं बघायची जुनी रीत तुमच्या गाडीला फारशी लागू नाही. तुमच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीत ब्रेकवर उभं असताना क्लच सुटलेला असतो, इंजिनवर जोर येतच नाही. त्यापेक्षा गाडी रॅम्पवर घ्या, डॉगबोनपाशी पहार लावून हलवा आणि चीर बघा. दाटीत रांगताना पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी थरथरत असेल, तर तो क्लच असू शकतो. फाउंडेशन बदलून तो जाणार नाही. हा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरपर्यंतचाच आहे, रीमॅपवाल्यानं किती वाढवलंय ते एकदा विचारून घ्या.

बसवताना सम्पखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) जॅक लावाल तेव्हा मध्ये लाकडाचा ठोकळा. बोल्ट नवेच घ्या, ते ताणून बसणारे असतात, पुन्हा वापरायचे नसतात. आणि तुमच्या गॅरेजवाल्याकडं टॉर्कचा पाना (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा) आहे का ते आधी विचारा. नसेल तर तिथूनच मागं फिरा.

मागवाला_सोलापूर

अण्णा, काम झालं. रविवारी होटगी रोडला एका ओळखीच्याकडं रॅम्पवर घेतली. डॉगबोनचं मोठं बुश (आतलं रबर) अर्ध्याहून जास्त सुटलेलं, पहार लावली तर बोट जाईल एवढी फट. डावीकडचं ठणठणीत. ड्रायव्हर बाजूचं तेलवालं पुण्याहून मागवलं, आल्याबरोबर पहिलं कानाशी धरून हलवलं, कुरिअरवाला बघतच राहिला. खाली 70 चं पॉली.

‘ठक्क’ गेली. पहिले तीन-चार दिवस सकाळी थंड इंजिनला पायाखाली बारीक गुणगुण होती, आता कमी झालीय. आरशात रिक्षाचा दिवा एकच.

आई काल अक्कलकोटहून येताना वळसंगपर्यंत झोपली होती. जातं काढलंस का, विचारलं नाही.