निवृत्तीनंतर कॅमेरा हातात घेतलाय. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो विचारून काढावेत की न विचारता?

गोदाकाठचा पोस्टमन

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी टपाल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं जुन्या नाशकात गेली. भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, तिवंधा ही माझी बीट. कुठल्या वाड्याचा जिना पावसाळ्यात निसरडा होतो, हेसुद्धा पाठ होतं. पण इतक्या वर्षांत मी पाहिलं काय, तर दारावरच्या पाट्या आणि पाकिटांवरचे पत्ते. हातात गठ्ठा उरलेला असताना थांबून माणसाकडे बघायला वेळ कुठला?

घरी बसल्यावर महिनाभरात पाय दुखायला लागले. चालून कधी दुखले नव्हते. मुलाने त्याचा जुना कॅमेरा दिला, १८-५५ मिलीमीटरची साधी लेन्स असलेला. आता रोज पहाटे सहाला त्याच गल्ल्यांमधून फिरतो. जुन्या तांबट लेनमधला ठोक्यांचा आवाज मी तीस वर्षं ऐकलाय. पण ठोका पडायच्या क्षणी कारागीर डोळे किंचित मिटतो, हे मला पहिल्यांदा फोटोत दिसलं. त्या दिवशी घरी येऊन तो एकच फोटो मी तासभर बघत होतो. हे वेड आता सुटायचं नाही.

अडचण अशी, की विचारलं तर माणूस बदलतो. सगळे ओळखीचे. "थांबा पोस्टमन, शर्ट बदलून येतो," म्हणतात, आणि मग पासपोर्टच्या फोटोला उभं राहिल्यासारखे ताठ होतात. न विचारता काढला तर काय होतं, तेही झालंय. रामकुंडावर एक तरुण पायरीवर बसला होता, नुकतं मुंडण झालेलं, ओला पंचा, नजर पाण्यात. मी फोटो काढला. त्याने मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "काका, तुमच्या घरचं असतं तर काढला असता का?" मी त्याच्यासमोरच तो पुसला. पण त्यानंतर आठ दिवस कॅमेरा उचलवला नाही.

दुकानदार म्हणतो, मोठी झूम लेन्स घ्या, लांबून काढा, कोणाला कळणारही नाही. हे बरोबर आहे का? शिवाय मला चष्मा आहे, फोकस नीट झालाय की नाही ते पटकन कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

सातपूरकर

काका, झूम अजिबात घेऊ नका. लांबून काढलेल्या फोटोत माणूस मागच्या भिंतीला चिकटवल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्यालाही कळतं की हा फोटो चोरून काढलाय. मी कंपनीत फिटर आहे, दर रविवारी जुन्या नाशकात असतो. माझ्याकडेही तुमच्यासारखीच लेन्स आहे. ती २३ मिलीमीटरवर ठेवून झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाकलीय.

चष्म्याची काळजी सोडा. आधी तीन मीटरवरच्या एखाद्या खांबावर फोकस करा, मग कॅमेरा मॅन्युअल फोकसवर टाका, म्हणजे तो आपोआप फोकस बदलणार नाही, आणि फोकसच्या रिंगला हात लावू नका. अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो. साधारण दीड मीटरपासून गल्लीच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फोकस जुळवण्यात वेळ जात नाही, फक्त माणूस पाहायचा. तांबट लेनमध्ये दुकानात अंधार असतो, तिथे एफ ५.६वर या, म्हणजे छिद्र मोठं होऊन उजेड जास्त येतो. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला हात चालणार नाही. (व्ह्यूफाइंडरशेजारी, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीशेजारी, एक बारीक चाक असतं. आतले आकडे ठळक दिसेपर्यंत ते फिरवा. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.)

आता उजेडाचं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेला वाहते, म्हणजे पंचवटी पूर्वेला. सकाळी पंचवटीच्या काठावर उभे राहिलात तर ऊन तुमच्या पाठीवर आणि समोरच्या नाशिकच्या पायऱ्या उजळलेल्या. नाशिकच्या काठावरून बघाल तर माणसं काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं तेव्हा मी मुद्दाम याच काठावर थांबतो. आणि माणसांच्या मागे पळू नका. ऊन पडलेली एक जागा निवडा आणि अर्धा तास तिथेच उभे राहा. लोक आधी बघतात, मग विसरतात.

भाजीवालीची लेक

काका, कॅमेऱ्यातलं मला कळत नाही. मी समोरच्या बाजूने सांगते. माझी आई २२ वर्षं बुधवारच्या बाजारात बसली. तिचे फोटो किती जणांनी काढले असतील, मोजदाद नाही. घाटावर आलेले पर्यटक, कॉलेजची मुलं. आमच्या घरी त्यातला एकही नाही. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला.

काढताना विचारू नका, ठीक आहे, कामातला माणूस कामातच छान दिसतो. पण काढल्यावर जवळ जा, दाखवा, नको म्हणाला तर पुसा. आणि छापून आणून द्या. तुम्ही तर तिथलेच आहात, परत जाणं तुम्हाला अवघड नाही.

रामकुंडावर दहावं-अस्थिविसर्जन चालू असेल, बायका आंघोळ करत असतील, तर कॅमेरा पिशवीत. यात मधला मार्ग नाही. त्या मुलासमोर फोटो पुसलात, हे वाचून बरं वाटलं.

सातपूरकर

ताई, खरंय. माझ्या हार्ड डिस्कवर हजारो चेहरे आहेत आणि एकालाही मी काही दिलेलं नाही. काका, अजून एक, रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) जाणार असाल तर कॅमेरा घरी ठेवा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. रंगाचं पाणी लेन्समध्ये गेलं की संपलं.

गोदाकाठचा पोस्टमन

उशिरा लिहितोय, क्षमा असावी. चिकटपट्टी लावली, तीन मीटरचा अंदाज घेण्यासाठी घरातल्या ओट्यापासून दारापर्यंतचं अंतर मोजून डोळ्यांत बसवलं. जमायला लागलंय.

ताई, तुमचा मजकूर बायकोला वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी अकरा फोटो छापून आणले, ४ बाय ६, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर बोटांचे डाग पडतात आणि या लोकांचे हात कामाचे. प्रत्येक फोटो पाकिटात घातला आणि जुन्याच क्रमाने वाटत निघालो, भद्रकालीपासून सुरुवात करून. तांबट लेनमधल्या त्या कारागिराने पाकीट घेतलं आणि सवयीने विचारलं, "सही कुठे करू?" फोटो पाहिल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझे वडीलपण असेच डोळे मिटायचे." आता त्याच्या मुलाचा ठोका मारतानाचा फोटो काढायचाय, त्यानेच बोलावलंय.

दहा वाटून झाले. एक राहिलंय, मेथी विकणाऱ्या आजींचं. नाव विचारायचं राहून गेलं. पाकिटावर लिहिलंय: मेथीची पाटी, बुधवारचा बाजार, गोदाघाट.